अपूर्ण वर्तमानकाळ

शाळामास्तराचे वाचन दोन प्रकारचे असते. एक आवडीने केलेले आणि दुसरे हातात तांबड्या शाईचे पेन घेऊन केलेले. या लेखाचा उगम दुसऱ्या प्रकारच्या वाचनात आहे, हे प्रथमच कबूल केलेले बरे. साहित्यसमीक्षेला लागणारी विद्वत्ता माझ्यापाशी नाही. विद्यापीठाची पायरी मी चढलो नाही. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आणि वीस-एक वर्षे मुलांचे निबंध तपासले, एवढेच माझे भांडवल. त्याच्या जोरावर मुंबईच्या घरांविषयी आणि त्या घरांच्या मराठी वाङ्मयाविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी 'माझे घर' हा निबंध घातला होता. विषय माझ्या लहानपणापासून चालत आलेला. त्यातले घरही चालत आलेले. दारात तुळस, घरात प्रेमळ आजी, भिंतीला पांढरा रंग आणि शेवटी 'असे हे माझे घर मला फार आवडते.' ज्यांच्या घराला दार आणि मोरी यांपलीकडे काही नाही, त्यांच्याही निबंधात तुळस डोलत असते. मी त्या तुळशींवरून शांतपणे बरोबरच्या खुणा करीत चाललो होतो. एका वहीपाशी मात्र हात थांबला. वाक्य असे होते: 'आमचे घर 22 व्या मजल्यावर आहे आणि त्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो.'

मुलगा माझ्या चांगला परिचयाचा. त्याची जुनी चारमजली इमारत प्रभादेवीच्या बाजूला, समुद्रापासून फार तर दहा मिनिटांच्या वाटेवर होती. तो दुसरीत असताना ती पुनर्विकासासाठी पाडली. 'वर्षा-दोन वर्षांत परत येणारच आहोत, मग शाळा कशाला बदला?' असा विचार करून आईवडिलांनी त्याला याच शाळेत ठेवले. कुटुंब विरारच्या पुढे भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. गेली सहा वर्षे तो मुलगा वडिलांबरोबर पहाटेची गाडी पकडून शाळेला येतो. इमारतीचे काम सातव्या स्लॅबपर्यंत आले आणि थांबले. सातव्याच्या वर लोखंडी सळया उभ्या आहेत, आणि त्यांच्या वर आकाश आहे. 22 वा मजला त्या आकाशात कुठे तरी आहे.

मग 'समुद्र दिसतो' हे वाक्य चूक की बरोबर? व्याकरणाने पाहिले तर 'दिसेल' हवे. पण या घरात सहा वर्षे रोज त्या खिडकीविषयी बोलणे झालेले. कोणते कपाट कुठे बसेल, आजीची खाट कोणत्या भिंतीला लागेल, हे सारे ठरून गेलेले. त्या मुलाने समुद्र इतक्यांदा पाहिला आहे की त्याला 'दिसेल' म्हणणे हाच त्याच्यावर अन्याय. जुने घर 'होते', नवे घर 'असेल', आणि ज्या घरात तो राहतो ते 'आहे' खरे, पण ते त्याचे नाही. मी त्याला कोणता काळ शिकवणार? आमच्या व्याकरणात एक 'अपूर्ण वर्तमानकाळ' आहे. 'इमारत बांधली जात आहे.' हे वाक्य मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असेल. पण त्यातल्या 'अपूर्ण' या शब्दाकडे माझे लक्ष त्या दिवशी प्रथम गेले.

त्या संध्याकाळी मी घरच्या कपाटापुढे उभा राहिलो. या मुलाला वाचायला द्यावे, ज्यात त्याला आपले घर सापडावे, असे मुंबईवरचे एखादे मराठी पुस्तक मी शोधीत होतो. ते मला सापडले नाही. का सापडले नाही, याचा विचार म्हणजे हा लेख.

* * *

मुंबईचे मराठी वाङ्मय हे फार मोठ्या प्रमाणावर घराचे वाङ्मय आहे. कोकणातून, घाटावरून माणूस येथे आला तो पोटासाठी. पण त्याचे लेखक झाले त्यांनी लिहिले ते बिऱ्हाडाविषयी. 'बटाट्याची चाळ' 1958 साली पुस्तकरूपाने आली आणि मराठी मध्यमवर्गाला आपला पत्ता सापडला. तिची कीर्ती विनोदाची असली, तरी अखेरच्या चिंतनात पु. ल. देशपांडे यांनी चाळीच्या अस्ताची चाहूल दिली आहे. हसता हसता वाचक एकाएकी गप्प होतो तो तेथे. पुढच्या दहा-बारा वर्षांत मराठी कादंबरी चाळीतून आणखी खाली उतरली. जयवंत दळवींचे 'चक्र' 1963 चे, भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' 1965 चा, मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' 1969 ची. नाका, झोपडी, खाडीचा चिखल. ज्या जागांना घर म्हणायला पांढरपेशा वाचक तयार नव्हता, त्या जागांना या लेखकांनी घर म्हणायला लावले. हा पराक्रम लहान नाही.

पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. या साऱ्या पुस्तकांत जागा कशीही असो, ती असते. चाळीचा जिना मोडका असेल, पण तो जिना आहे. झोपडीवर गोणपाट असेल, पण त्याखाली चूल आहे. माणसे भांडतात, प्रेम करतात, मरतात ती कुठे तरी. आणि जागा जातेच, तेव्हा ती एकदम जाते. एक तर बुलडोझर येतो, नाही तर मालक येतो, नाही तर नायक 'ब्लॉक' घेऊन उपनगरात जातो. घर आहे, आणि मग घर नाही. या दोहोंच्या मध्ये काही असते, याची आमच्या कादंबरीला फारशी दखल नाही.

याला मोठा अपवाद आहे, आणि तो नाटकाचा आहे. जयंत पवारांचे 'अधांतर' 1997 चे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपाने कोलमडलेले गिरणगावातले एक कुटुंब त्यात आहे. गिरणी बंद आहे म्हणावे तर कुणी तसे सांगत नाही, आणि चालू होणार म्हणावे तर होत नाही. नाटकाचे नावच आमच्या मुलाच्या घराचा नेमका पत्ता आहे. पवारांनी पुढे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या 2010 च्या संग्रहात गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले झगमगते जगही पाहिले. त्या लेखकाला ठाऊक होते की मुंबईचे नाट्य घर असण्यात किंवा नसण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक ते लटकण्यात आहे. पण एका लेखकाने वाट दाखवावी आणि मागून कुणी फारसे जाऊ नये, हे आमच्याकडे नवे नाही.

थोडक्यात, मराठी लेखकाने मुंबईच्या घरावर जे लिहिले ते बहुतेक भूतकाळात लिहिले. चाळ पडत आली तेव्हा चाळीची आठवण झाली. गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा भोंग्यावर कविता झाली. आठवण हा सुंदर रस आहे. पण आठवी इयत्तेतल्या मुलाला आठवणी नसतात. त्याला वाट पाहायची असते.

* * *

भूतकाळ लेखकांनी घेतला, तर भविष्यकाळ कुणी घेतला? तो घेतला जागा विकणाऱ्यांनी. घरांच्या जाहिराती आणि माहितीपुस्तके यांना वाङ्मय म्हणायला समीक्षक तयार होणार नाहीत. पण आजच्या मुंबईत कुटुंबच्या कुटुंब एकत्र बसून, पुन्हा पुन्हा आणि एकेक शब्दाचा अर्थ लावीत वाचते असे दुसरे वाङ्मय मला तरी ठाऊक नाही. आमच्या मुलाच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर असे एक पान चिकटवलेले आहे. त्यात इमारत निळ्या आकाशात उभी आहे, खाली हिरवळ आहे, हिरवळीवर एक बाई छत्री घेऊन चालली आहे. ती बाई कोण, असे मुलाच्या धाकट्या बहिणीने एकदा विचारले होते. कुणालाच सांगता आले नाही.

मुंबईच्या समुद्रकाठी हे भविष्यकाळाचे वाङ्मय फार जुने आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' 1863 सालचे. समुद्र मागे हटवून, भराव घालून माणसे जमीन निर्माण करीत आहेत, याचे कौतुक त्या पुस्तकात आहे. ते पुस्तक निघाले त्या सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि पैसा कुठे ठेवावा हे लोकांना कळेनासे झाले होते. बॅकबेचा समुद्र बुजवण्यासाठी कंपनी निघाली. जमीन अजून पाण्याखाली आणि तिच्या समभागांचा भाव मात्र आकाशात. 1865 साली युद्ध थांबले, कापूस उतरला आणि शेअरबाजार कोसळला. त्याबरोबर कित्येक कंपन्या, पेढ्या आणि घराणी बुडाली. जी जमीन नव्हती तिच्यासाठी जी होती ती विकलेली माणसे मुंबईने तेव्हाच पाहिली.

साठ वर्षांनी तोच खेळ सरकारने मांडला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 1920 साली विकास खाते निघाले आणि बॅकबेची मोठी योजना हाती घेतली गेली. आठ तुकड्यांत 1,145 एकर जमीन समुद्रातून काढायची होती. दगडी बांध घातला, तळातला गाळ उपसून आत टाकला, आणि तो गाळ बांधाच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्चाचे अंदाज कोसळले. आठांपैकी चारच तुकडे पुरे झाले. लोकांनी योजनेला लॉइडसाहेबांचा वेडेपणा असे नाव ठेवले. बॅरिस्टर के. एफ. नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला. योजनेवरच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे स्वातंत्र्यानंतर त्याच बाजूला जो नवा भराव पडला आणि ज्यावर मुंबईतल्या सर्वांत महागड्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्याला नाव मिळाले नरिमन पॉइंट! भरावातला गाळ दाखवणाऱ्याचे नाव भरावालाच देऊन मोकळे होणे, ही विनोदबुद्धी एखाद्या नाटककाराला साधली नसती.

त्याच विकास खात्याचा दुसरा उद्योग म्हणजे कामगारांच्या चाळी. संकल्प होता 50,000 खोल्यांचा. तो सोळा हजारांच्या पुढे थोडासा जाऊन थांबला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या. 160 चौरस फुटांची खोली आणि समाईक संडास. या बी. डी. डी. चाळींनी केवढे राजकारण, केवढे खेळाडू, केवढे शाहीर दिले, हे सांगायला स्वतंत्र लेख हवा. येथे मुद्दा एवढाच की समुद्राच्या काठी मोठी वचने देणे, त्यातले काही पुरे करणे आणि उरलेले उघडे टाकणे, ही या शहराची बांधणीची रीतच आहे. अर्धवट राहणे हा येथे अपघात नाही. आणि तरीही आमच्या वाङ्मयाने त्याला नेहमी अपघात मानले.

* * *

आता हे थांबणे नेमके कसे होते, ते घरातल्या मुलांनाही कळावे म्हणून सोपे करून सांगतो. जुनी इमारत पागडीची किंवा सोसायटीची. निम्म्याहून अधिक रहिवाशांनी संमती दिली की विकासक ठरतो. करार होतो: तुम्ही जागा रिकामी करा, आम्ही तुम्हाला दरमहा भाडे देऊ, आणि नव्या इमारतीत मोठे घर फुकट देऊ. फुकट कसे? तर जादा मजले चढवून ते बाजारात विकायचे आणि त्या पैशांतून हे बांधायचे. सारा डोलारा त्या जादा मजल्यांवर. त्यासाठी जे मोजमाप लागते त्याला सरकारी मराठीत 'चटईक्षेत्र निर्देशांक' म्हणतात. चटई म्हणजे गुंडाळून काखोटीला मारून चालू लागण्याची वस्तू; कोणत्या भाषांतरकाराला हा शब्द सुचला असेल तो द्रष्टाच म्हणायचा. बाजार मंदावला, कर्ज थकले, भागीदार भांडले, परवानगीवरून कोर्टकज्जा झाला, की प्रथम काय थांबते? काम नव्हे. प्रथम भाडे थांबते. मग काही महिन्यांनी क्रेन थांबते. मग वॉचमन तेवढा उरतो.

ही काही गरिबांचीच कहाणी आहे असेही नाही. वरळीला 2008 च्या सुमारास सुरू झालेला श्रीमंतांचा एक प्रचंड मनोराही न्यायालयाच्या फेऱ्यांत वर्षानुवर्षे अडकून पडला. पण मनोऱ्यात घर घेणाऱ्यांना दुसरे घर असते. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या 672 कुटुंबांना ते नव्हते. त्यांचा करार 2008 चा. अर्धवट पडलेल्या त्यांच्या इमारतींचे काम म्हाडाने पुन्हा सुरू केले ते 2022 साली. मधल्या चौदा वर्षांत दुसरीतला मुलगा पदवीधर होतो. 1 मे 2017 पासून महाराष्ट्रात रेराचा कायदा पूर्णपणे अमलात आला, त्याने घर विकत घेणाऱ्याला बराच आधार दिला. पण जुने घर देऊन नव्याची वाट पाहणारा हा विकत घेणारा नव्हेच. ग्राहकाच्या रांगेत त्याला उभे राहता येत नाही. ज्यांची इमारत मोडकळीला आली त्यांच्यासाठी 'संक्रमण शिबिरे' आहेत. आमचे संक्रमण एका दिवसाचे, तिळगूळ दिला की झाले. त्या शिबिरांत मात्र माणसांची हयात गेली, मुले जन्मली आणि त्यांचीही लग्ने झाली.

हे सारे वर्तमानपत्रांत येते. मग कादंबरीत यायला हवे ते काय? ते मला गेल्या दिवाळीत कळले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या मुलाच्या वडिलांनी मला त्यांच्या 'बिल्डिंगी'वर बोलावले. मी गेलो. पत्र्याच्या कुंपणाच्या फाटकावर एक आकाशकंदील लावलेला होता. जुनी चाळीस-एक बिऱ्हाडे आता कल्याण, विरार, पनवेल अशी पांगलेली. त्यांतली पंधरा-वीस तरी आली होती. फराळाचे डबे उघडले होते. एका काकूंनी मला चकली दिली आणि ती नरम पडल्याबद्दल दोष भाड्याच्या घरातल्या गॅसला दिला. पुरुषमंडळी कोर्टाच्या तारखेविषयी बोलत होती. वॉचमन त्यांच्यातलाच होऊन गेला होता. त्यालाही डबा होता.

मग मुलगा मला म्हणाला, "सर, चला, आमचे घर दाखवतो." आम्ही फुटपाथच्या कडेला उभे राहिलो. त्याने बोट वर केले आणि मजले मोजायला लागला. सातपर्यंत बोट काँक्रीटवरून गेले. आठपासून ते मोकळ्या हवेत गेले, पण त्याचा वेग बदलला नाही. बावीस झाल्यावर ते थांबले. "ती खिडकी," तो म्हणाला. तेथे एक घार फिरत होती.

शेजारी त्याची आजी पत्र्याला टेकून उभी होती. ती वर पाहत नव्हती. ती म्हणाली, "मास्तर, देव्हारा सहा वर्षं गुंडाळून ठेवलाय. देव फळीवर आहेत. नव्या घरात मांडू म्हणून ठेवलेत. आता इथंच मांडले तर घर होणार नाही असं मेलं मन म्हणतं. नाही मांडले तर मी जाईन तोवर ते फळीवरच. काय करू सांगा."

मी काय सांगणार? शाळेच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना असतो. त्या मुलाची आई दर जूनमध्ये त्यात पाडलेल्या इमारतीचे नाव आणि खोली क्रमांक लिहिते. मी तो फॉर्म दरवर्षी स्वीकारतो. यापलीकडे त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. पण फळीवरच्या त्या देवांत जो पेच आहे, तो मला एखाद्या दहा प्रकरणांच्या कादंबरीत सापडला नव्हता. आशा धरली म्हणून जगणे थांबवायचे, की जगायचे म्हणून आशा सोडायची? दोन्हींत हानी आहे, आणि म्हातारीला रोज सकाळी आंघोळीनंतर त्या फळीपुढे उभे राहावे लागते. शोकांतिकेला याहून काय लागते?

* * *

मग आम्ही हे का लिहिले नाही? दुसऱ्यांना विचारण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो. माझी एक कादंबरी चाळीवर आहे. तिचा शेवट मला तेव्हा फार प्रभावी वाटला होता. पहिला घण पडतो, धूळ उडते, भिंतीवरचे मुलांच्या उंचीचे पेन्सिलीचे मोजमाप उघडे पडते आणि नायक पाठ फिरवून चालू लागतो. समाप्त. एका ग्रंथालयातल्या कार्यक्रमात एका बाईंनी विचारले होते, "पुढे त्यांना घर मिळाले का हो?" मी हसून म्हणालो होतो, "कादंबरी तेथे संपते." श्रोत्यांनीही हसून दाद दिली होती. आज त्या उत्तराची मला लाज वाटते. कादंबरी संपते तेथेच त्या माणसांची गोष्ट सुरू झालेली असते. घण पडला की लेखकाचे काम संपते आणि रहिवाशाचे सुरू होते!

मी तेथे थांबलो, कारण वाट पाहण्याला कथानक नसते असे मला वाटत होते. पडणे ही घटना आहे; न पडणे, न उभे राहणे, या घटना नाहीत. शिवाय खलपुरुष सापडत नाही. जमीनदार, सावकार, गिरणीमालक यांना आमच्या वाङ्मयात चेहरा होता. येथे कंपनी बदलते, भागीदार बदलतो, अधिकारी बदलतो. आणि रहिवाशांत दोन तट पडून शेजारीच शेजाऱ्याचा शत्रू होतो. ज्याने पहिली सही केली तो, आणि ज्याने शेवटपर्यंत केली नाही तो, हे दोघे एकाच जिन्यावर वाढलेले असतात. आणि तिसरे कारण अधिक नाजूक आहे. आम्हा लेखकांपैकी बहुतेकांनी आपापला ब्लॉक घेतला. जुन्या चाळीवर प्रेम करायला तो ब्लॉक सोयीचा असतो.

यावर कुणी म्हणेल की लेखक हा काही महापालिकेचा कारकून नव्हे. घरे मिळवून देणे त्याचे काम नाही. कबूल आहे. कादंबरीने एकही स्लॅब पडणार नाही. पण ज्या अनुभवाला भाषा मिळत नाही तो माणसाला आपला एकट्याचा वाटतो, आणि एकट्याच्या दुःखाची लाज वाटते. त्या संध्याकाळी पांगलेली बिऱ्हाडे एका कंदिलाखाली जमली तेव्हा ती हसत होती, कारण तेवढा वेळ तरी त्यांना कुणाला काही समजावून सांगायचे नव्हते. चांगले पुस्तक याहून वेगळे काय करते?

आणि समीक्षेत न्याय हवा, म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्याच फुटपाथवरून थोडे पुढे गेले की नवा सागरी किनारा मार्ग दिसतो. 2018 साली काम सुरू झाले, 2019 साली उच्च न्यायालयाने पर्यावरणाची परवानगी रद्द केल्याने ते थांबले, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा चालू झाले, आणि मार्च 2024 मध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला. म्हणजे या शहराला एखादी गोष्ट पुरी करायचीच असली तर ती करता येते. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या अर्ध्या संकल्पातल्या 160 चौरस फुटांच्या जागी 500 चौरस फुटांचे घर. त्या किल्ल्या हातात घेताना रडलेल्या म्हाताऱ्यांची थट्टा करण्याचा अधिकार कोणत्याही वास्तववादी लेखकाला नाही. नव्याला नावे ठेवणे ही समीक्षा नव्हे.

वरळी कोळीवाड्याची गोष्ट तर मी वर्गात सांगतो. या मार्गाचा पूल त्यांच्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जाणार होता आणि दोन खांबांतले अंतर 60 मीटर ठरले होते. उसळत्या पाण्यात त्यातून होड्या नेणे धोक्याचे, असे कोळ्यांचे म्हणणे. अभियंत्यांकडे नकाशे होते, कोळ्यांकडे पिढ्यांचे पाणी होते. त्यांनी काम अडवले, वाद घातला, आणि अखेर 2022 साली महापालिकेने मधला एक खांब गाळून अंतर 120 मीटर करण्याचे मान्य केले. त्यांची मागणी याहून अधिक होती. पण आराखडा बदलला. जे काम अजून चालू आहे, त्याच्याशीच बोलता येते. पुरे झालेल्या खांबाशी भांडून उपयोग नसतो, आणि पडलेल्या भिंतीसाठी रडूनही. अपूर्ण वर्तमानकाळ हाच काय तो आपल्या हातातला काळ. माझ्या मते मराठी कादंबरीने शिकावे ते कोळीवाड्यापासून. वेळेवर जावे, काम चालू असताना जावे, आणि जे दिसते ते तेथेच सांगावे.

मी माझ्या परीने सुरुवात केली आहे. त्या जुन्या कादंबरीचे शेवटचे वाक्य पहिले करून नवी वही उघडली आहे. नायक पाठ फिरवून चालू लागला, तो कुठे गेला, पहिल्या महिन्याचे भाडे कोणत्या तारखेला आले, ते कोणत्या महिन्यात आले नाही, हे लिहितो आहे. अवघड जाते. घटना घडत नाहीत आणि पाने भरत जातात. पण खोटे लिहीत नाही, एवढे समाधान आहे.

आपल्या घरी या दिवसांत फराळाला जी मंडळी येतील त्यांत अशी दोन-एक माणसे असतीलच. त्यांना 'मग, तुमचे घर कधी मिळणार?' असे विचारू नये, ही विनंती. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नसते आणि चकली घशाखाली उतरत नाही. आता कुठे राहता, गाडी कितीची पकडता, देव कुठे मांडले, हे विचारावे. ती माणसे बोलू लागतील. ऐकायला वेळ मात्र काढावा लागेल.

त्या निबंधाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. 'समुद्र दिसतो' हे वाक्य मी तसेच ठेवले. मुलाने वही परत घेताना विचारले, "सर, काळ बरोबर आहे ना?" मी म्हटले, "तुझा बरोबर आहे." दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले ते शुद्धलेखनाचे.